सुईने जेवढं पाहिलं तेवढं

पॅथॉलॉजिस्टला पेशंट कधी भेटत नाही, असा समज आहे आणि तो बराचसा खरा आहे. आमच्याकडे माणूस येतो तो फॉर्मॅलिनच्या बरणीतून किंवा रक्ताच्या बोटभर नळीतून. सोबत नाव, वय, वॉर्ड आणि सर्जनने घाईत खरडलेल्या दीड ओळी. याला ठळक अपवाद सुईच्या तपासणीचा. दवाखान्यात तिला सगळेच एफएनएसी म्हणतात. त्याचं पूर्ण रूप कोणाला विचारायला जाऊ नये. या तपासणीत गाठ मी बोटांनी चाचपते, सुई मी घालते, काच मी ओढते, सूक्ष्मदर्शकातून मीच बघते आणि रिपोर्टखाली सहीही माझीच असते. चुकलं तर ढकलायला दुसरं कोणी नाही. कदाचित म्हणूनच मला हे काम आवडतं.

विदर्भातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मी ते शिकले आणि आता तिथून फार लांब नसलेल्या जिल्ह्याच्या गावी करते. गाठी सगळ्या प्रकारच्या येतात. मानेच्या बाजूला गाठ असली, सुईत पिवळट पू आला आणि काचेवर टीबीचे जंतू दिसले की प्रश्न मिटतो. त्या दुपारीच उपचार सुरू होऊ शकतात. कातडीखालची चरबीची गाठ तर हाताला लागताच अर्धी ओळखू येते. थायरॉइडचं तसं नाही. त्या गाठी सर्वांत जास्त येतात, सुईला सहज लागतात, पेशंटला फारसा त्रासही होत नाही, आणि तरी त्यांच्यातल्या काही गाठी अशा असतात की सुई नेमक्या त्या प्रश्नापाशी थांबते ज्याचं उत्तर पेशंटला हवं असतं. तिथे थांबल्याचं कबूल करायचं की दोन पावलं पुढे जाऊन अंदाज ठोकायचा, हे या कामातलं खरं शिक्षण. सूक्ष्मदर्शक वापरायला त्यामानाने लवकर येतं.

थायरॉइडच्या गाठी बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे आमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बहुतेक बायकाच बसलेल्या असतात, सोबत नवरा, सासू किंवा शाळा बुडवून आलेली मुलगी. आत आल्यावर पहिला प्रश्न गळ्यातल्याचा निघतो. पोत, डोरलं, एकदाणी, काळे मणी. त्या सगळ्याच्या मधोमध नेमकी गाठ. "काढून ठेवा" म्हटलं की बाई दाराकडे बघते. पूर्वी मी सरळ काढायला सांगायची. आता मानेमागे सरकवायला सांगते, काम तेवढ्यानेही होतं. आमच्या मावशी या बाबतीत माझ्यापेक्षा हुशार आहेत. त्या मंगळसूत्र पेशंटच्याच उजव्या हातात नीट धरून देतात आणि मूठ बंद करतात. यात श्रद्धेचा मान राहतो, आणि ऐन वेळी सुई धरायला झेपावणारा एक हातही अडकून राहतो.

मग एक ग्लास पाणी. घोट घ्या आणि गिळा. थायरॉइड ही ग्रंथी श्वासनलिकेला चिकटलेली असते, त्यामुळे गिळताना ती वर जाते आणि तिच्यातली गाठही सोबत जाते. वर न जाणारी गाठ बहुधा थायरॉइडची नसते. जीभ बाहेर काढल्यावर वर सरकली तर ती वेगळ्याच जातीची, जन्मापासून राहून गेलेल्या नळीतली पाण्याची गाठ. सोनोग्राफीचा कागद हातात असला तरी मी हा पाण्याचा घोट चुकवत नाही. बोटांना आणखीही कळतं: गाठ मऊ आहे की टणक, हलते की रुतून बसली आहे, बाजूला आणखी गाठी आहेत का, आवाज घोगरा झाला आहे का.

खांद्यांखाली उशी घेऊन मान मागे टाकली की गळा ताणला जातो आणि गाठ वर येते. याच क्षणी बहुतेक जणी ठरलेला प्रश्न विचारतात. "मॅडम, सुई टोचली तं आतमंदी पसरन न ते?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. शिकलेले लोकही तो विचारतात, फक्त मराठीत न विचारता इंग्रजीत विचारतात. मी सुई दाखवते. तेवीस किंवा पंचवीस नंबरची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची. रक्त काढायला बऱ्याचदा याहून जाड सुई असते. थायरॉइडची गाठ इतक्या बारीक सुईने पसरल्याची उदाहरणं जगभरच्या वैद्यकीय नोंदींत शोधून काढावी लागतात, इतकी ती क्वचित आहेत. हे सांगून भीती जाते असं नाही. पण सुई बघितल्यावर थोडी कमी होते. बधिर करायचं इंजेक्शन मी सहसा देत नाही. ते तपासणीपेक्षा जास्त दुखतं.

"आता बोलायचं नाही, खोकायचं नाही, आवंढा गिळायचा नाही." गिळलं तर ग्रंथी वर जाते, सुई आतच असते आणि आत फाटतं. गंमत अशी की गिळू नका म्हटलं की तोंडात लाळ सुटतेच. म्हणून हे वाक्य मी अगदी शेवटच्या क्षणी उच्चारते.

मला शिकवणाऱ्या मॅडमनी सिरिंज बाजूला ठेवायला शिकवलं. नुसती सुई, दोन बोटांत पेन्सिलसारखी धरलेली. गाठीत शिरली की त्याच जागी भराभर मागेपुढे, थोडा कोन बदलत. पेशी सुईच्या पोकळीत आपोआप चढतात, ओढून घ्याव्या लागत नाहीत. फ्रान्समध्ये ही पद्धत रूढ झाली. थायरॉइडसाठी ती फार सोयीची, कारण या ग्रंथीला रक्तपुरवठा इतका दांडगा की सिरिंजने ओढलं की बहुतेक वेळा रक्तच येतं आणि त्या रक्तात पेशी हरवतात. पाण्याची गाठ असेल तर मात्र सिरिंज लागते. चॉकलेटी रंगाचं पाणी निघतं, गाठ तिथल्या तिथे बसते आणि पेशंटला वाटतं उपचारच झाला. तिला सांगावं लागतं की पाणी पुन्हा भरू शकतं, आणि उरलेल्या भिंतीतून मी आणखी एकदा सुई घालणार आहे, कारण कामाचं जे असेल ते भिंतीत असेल.

सुई बाहेर आल्यावर घाई सुरू होते. एक थेंब काचेवर, दुसरी काच त्यावर अलगद टेकवून ओढायची. जोर जास्त झाला तर पेशी चिरडतात, कमी झाला तर थर जाड राहतो आणि काही दिसत नाही. काही काचा ताबडतोब अल्कोहोलमध्ये, काही हवेत वाळवायच्या. या दोन पद्धतींमागे दोन घराणी आहेत. पहिली पॅपानिकोलाऊ यांची, गर्भाशयमुखाच्या तपासणीवरून आलेली. तिच्यात केंद्रकाचे बारकावे स्वच्छ दिसतात. दुसरी रक्तविज्ञानातली, गीम्सा यांच्या रंगाची. न्यूयॉर्कमध्ये हेज मार्टिन हे सर्जन आणि एलिस नावाचे तंत्रज्ञ यांनी १९३० साली गाठींत सुई घालून निदान करण्याचा अनुभव प्रसिद्ध केला, पण त्यांची सुई जाड होती आणि अमेरिकेत ती कल्पना मागे पडली. पुढे स्टॉकहोमच्या रेडियमहेमेट या कॅन्सर रुग्णालयात सिक्स्टेन फ्रान्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारीक सुई हाती घेतली. ते रक्तविज्ञानाच्या वाटेने आले होते, म्हणून काचा वाळवून गीम्साने रंगवत. आमच्या टेबलावर दोन्ही घराणी शेजारी शेजारी उभी असतात, आणि कुठल्या काचेवर आधी नजर टाकायची यावरून दोन पॅथॉलॉजिस्टमध्ये छान भांडण होऊ शकतं. मी गीम्सावाली.

साध्या गलगंडाची काच डोळ्यांनीच ओळखू येते. कोलॉइड नावाचा जो पदार्थ थायरॉइडच्या बारीक गोल पिशव्यांत, म्हणजे फॉलिकलमध्ये साठलेला असतो, तो काचेवर एकतारी पाकासारखा पसरतो आणि वाळला की चकाकतो. रंगवल्यावर त्याला भेगा पडलेल्या दिसतात, मध्ये मध्ये शांत, एकसारख्या केंद्रकांच्या पेशींच्या चादरी. अशी काच पाहिली की खांदे सैल होतात. माझ्या शिकण्याच्या काळात वयस्क बायांचे मोठाले, गळाभर पसरलेले गलगंड यायचे. आता तसे कमी दिसतात. आयोडीनच्या मिठाचा यात मोठा वाटा आहे. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात रामलिंगस्वामींनी केलेल्या प्रयोगातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे देशाला दिसलं. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला होता. पण मीठ बदललं तसा कॅन्सरचा नमुनाही बदलतो. आयोडीनची कमतरता असलेल्या भागात फॉलिक्युलर जातीचे कॅन्सर तुलनेने जास्त, आयोडीन मिळायला लागलं की पॅपिलरी जातीचं प्रमाण वाढतं. माझ्या काचांवरही मला तो कल जाणवतो, पण जिल्ह्याच्या एका टेबलावरून मोठं विधान करू नये.

हाशिमोटोची काच वेगळी. लिम्फोसाइटची गर्दी, त्यांच्यात अडकलेल्या मोठ्या गुलाबी पेशी. या आजारात शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर चाल करतं. हाकारू हाशिमोटो या तरुण जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये चार बायकांच्या ग्रंथी अभ्यासून एक जर्मन लेख लिहिला आणि नंतर गावी जाऊन दवाखाना चालवत बसला. त्याच्या नावाचा आजार जगभर ओळखला जाऊ लागला तो खूप नंतर. शहरातल्या परिषदांमध्ये कोणी 'पेरिफेरी' म्हणून आमचा उल्लेख केला की मला हा गृहस्थ आठवतो.

पॅपिलरी कॅन्सर ओळखायचा तो केंद्रकांवरून. केंद्रकं मोठी, एकमेकांवर चढलेली, रंगाने फिकट. काहींवर उभी खाच, आणि काहींच्या पोटात कडा स्पष्ट असलेली एक पोकळी, जिच्यात केंद्रकाबाहेरचा द्रव शिरलेला असतो. खाच एकट्याने काही सिद्ध करत नाही, ती हाशिमोटोतही सापडते. पोकळीही एखाद दुसरी इतरत्र सापडते. पण सगळं एकत्र आलं, भरपूर आलं, की शंकेला जागा राहत नाही. अशा वेळी सुई ऑपरेशनआधीच ठाम उत्तर देते आणि सर्जन पहिल्याच ऑपरेशनला नीट तयारीने उभा राहतो. सुईचं खरं सामर्थ्य इथे आहे. मेड्युलरी कॅन्सरमध्येही, तो ओळखू आला तर फार उपयोग, कारण मग रक्तातलं कॅल्सिटोनिन तपासायचं, रेट नावाच्या जनुकाची चाचणी करायची आणि घरातल्या बाकीच्यांनाही बोलावून घ्यायचं.

आणि आता ती गाठ जिच्यापाशी सुई थांबते.

एका शाळेतल्या शिक्षिका होत्या, तिशीतल्या. गाठ लिंबाएवढी, एकटी, घट्टसर. काचेवर कोलॉइड जवळपास नाही. पेशीच पेशी, आणि त्या लहान लहान गोल कड्यांत मांडलेल्या. फॉलिक्युलर निओप्लाझम. म्हणजे फॉलिकल बनवणारी नवी वाढ आहे, इथवर नक्की. ती साधी आहे की कॅन्सर, हे पेशींवरून कळत नाही, कारण दोन्हींच्या पेशी दिसायला सारख्याच असू शकतात. फरक असतो तो वागण्यात. गाठीभोवती एक आवरण असतं. कॅन्सर ते आवरण फोडून बाहेर येतो किंवा आवरणातल्या रक्तवाहिनीत शिरतो. साधी गाठ आत राहते. हे बघायचं तर आख्खं आवरण काचेवर यायला हवं. सुई त्या आवरणातून आत जाते, त्यातूनच बाहेर येते, पण आवरण काही तिच्या हाती लागत नाही.

रिपोर्ट न्यायला त्यांचा भाऊ आला. वाचून सरळ माझ्या खोलीत. "मॅडम, यान चंद्रावर उतरलं आणि तुम्हाला हो की नाही एवढं सांगता येत नाही?" मी कागदावर गोल काढला, भोवती दुसरा गोल, त्यातून एक रेघ आत नेली. त्याने चित्र बघितलं, आणि विचारलं, "मग पुण्यात कळेल का? मुंबईत?" नाही कळणार. काच पुण्याला नेली काय, मुंबईला नेली काय, तिथला प्रामाणिक माणूस हेच लिहील. परदेशात अशा गाठींच्या पेशींची जनुकीय चाचणी करतात, आपल्याकडेही काही ठिकाणी ती होते, पण तिची किंमत ऐकून त्यानेच विषय बदलला. त्यातूनही पूर्ण खात्री मिळते असं नाही.

अर्धी थायरॉइड काढली. गाठ माझ्याकडेच आली, आणि मी तिचं आवरण सगळीकडून कापून, एकही तुकडा न वगळता काचेवर घेतलं. अखंड होतं. कुठेही फुटलेलं नाही, रक्तवाहिन्या स्वच्छ. साधी गाठ. मला वाटलं आता सगळे खूश होतील. शिक्षिकाबाई टाके काढायला आल्या तेव्हा ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळून माझ्यासमोर बसल्या. "म्हणजे ऑपरेशन उगाचच झालं ना?"

या प्रश्नाला सोयीचं उत्तर नाही. मी म्हटलं, ते ऑपरेशन म्हणजे तुमच्या तपासणीचाच उरलेला भाग होता. सुईने जिथवर नेलं तिथून पुढे जायला दुसरा रस्ता नव्हता. त्यांना ते पटलं की नाही, माहीत नाही. मला मात्र तेव्हापासून या गाठींचा रिपोर्ट देताना पेशंटला आधीच सांगायची सवय लागली आहे की यातल्या बऱ्याच गाठी शेवटी साध्या निघतात, आणि तरी काढाव्या लागतात. आधी ऐकलेलं नंतर कमी टोचतं.

पूर्वी हे सांगायची भाषाही प्रत्येकाची आपापली होती. आमच्या विभागातले जुने रिपोर्ट चाळले तर 'शक्यता नाकारता येत नाही', 'कृपया क्लिनिकली पडताळून पाहावे' अशा वाक्यांनी पानं भरलेली. एका सरांच्या 'शक्यता नाकारता येत नाही'चा अर्थ 'बहुतेक कॅन्सर आहे' असा होता, दुसऱ्यांच्याचा अर्थ 'मला घरी जायचंय'. सर्जनना ही लिपी वाचता यायची, पण फक्त आपल्याच कॉलेजची. बदलीनंतर नव्या गावी पुन्हा शिकावी लागायची. २००७ साली अमेरिकेत बेथेस्डा इथे एक परिषद भरली आणि तिच्यातून सहा गटांची पद्धत निघाली. पहिला गट: नमुना अपुरा. दुसरा: साधी. तिसरा: पेशी थोड्या वेगळ्या, पण अर्थ निश्चित नाही. चौथा: फॉलिक्युलर निओप्लाझम. पाचवा: कॅन्सरचा दाट संशय. सहावा: कॅन्सर. प्रत्येकाला कॅन्सरच्या जोखमीचा आकडा. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीनुसार दुसऱ्या गटात सरासरी ४ टक्के, तिसऱ्यात २२, चौथ्यात ३०, पाचव्यात ७४ आणि सहाव्यात ९७. लक्ष देऊन बघा: साध्या गटातही शून्य नाही आणि कॅन्सरच्या गटातही शंभर नाही. हे आकडे मी पेशंटलाही सांगते. काहींना त्यांचा आधार वाटतो. काही म्हणतात, "टक्के नका सांगू मॅडम, मले हाय का नाई तेवढं सांगा." त्यांचंही बरोबर आहे, माणूस टक्क्यांमध्ये आजारी पडत नाही.

पहिल्या गटाचा मला सगळ्यात राग येतो. नियम असा: दहा पेशींचा एक, असे किमान सहा पुंजके काचेवर हवेत, तरच नमुना पुरेसा. भरपूर कोलॉइड असेल किंवा पेशी उघडच वाईट दिसत असतील तर सूट आहे. नियम योग्य आहे, चार पेशींवरून 'साधी' लिहिणं म्हणजे फसवणूक. पण अपुरा नमुना म्हणजे एसटीने दोन तास येऊन, सोयाबीनची सोंगणी बुडवून बसलेल्या बाईला पुन्हा बोलवायचं. ती येईलच असं नाही. म्हणून मी एक काच तिथल्या तिथे टोल्युडिन ब्लूच्या थेंबाखाली बघते. पेशी नसल्या तर पेशंट टेबलावर असतानाच दुसरी सुई. याला जरा वेळ लागतो आणि बाहेरच्या रांगेतून आवाज येतात. येऊ देत.

इतक्यात रांगेचा रंगही बदलला आहे. पूर्वी गाठ आरशात दिसली, किंवा शेजारणीने "गळा सुजला का गं?" म्हटलं की बाई यायची. आता तपासणीचं पॅकेज येतं. हातात सोनोग्राफी, त्यात पाच मिलिमीटरची गाठ, जी बोटाला लागत नाही, पेशंटला जाणवत नाही, आणि सापडली नसती तर बहुधा तिच्या सोबत म्हातारी झाली असती. सोनोग्राफी करणाऱ्यांसाठी गाठींच्या श्रेणी आहेत. अगदी संशयास्पद श्रेणीलासुद्धा साधारण एक सेंटिमीटरच्या आत सहसा सुई लावायची नाही असा संकेत आहे. तरी चिठ्ठी येते: 'एफएनएसी करावी.' मी नाही म्हणते. पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला नाही म्हणणं फार अवघड. एक गृहस्थ माझ्यावर चिडून म्हणाले, उद्या काही निघालं तर जबाबदार कोण?

त्यांना मी दक्षिण कोरियाची गोष्ट सांगितली. तिथे कॅन्सर तपासणीच्या मोहिमेला जोडून थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ साली थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं होतं. मृत्यूंचा आकडा मात्र होता तिथेच. म्हणजे हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या त्या अशा कॅन्सरसाठी, ज्याने त्यांना कधी त्रास दिलाच नसता. तिकडे जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून एक सेंटिमीटरच्या आतल्या कमी जोखमीच्या पॅपिलरी कॅन्सरवर ऑपरेशन न करता नुसती नजर ठेवायला सुरुवात केली, आणि बहुसंख्य गाठी वर्षानुवर्षं जागच्या जागी राहिल्या. गृहस्थांनी शांतपणे ऐकलं. मग दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन सुई लावून घेतली.

याच्या अगदी उलट टोकाला एक आजोबा. दोन मुलं त्यांना धरून घेऊन आली. महिन्याभरात गळा भरून आलेला, आवाज बसलेला, घोट गिळताना ठसका. बोट लावलं तर गाठ दगड, हलायचं नाव नाही. सुई घालताना आत खरखर लागते, ती बोटांना विसरता येत नाही. काचेवर प्रचंड, वेड्यावाकड्या पेशी. शिकाऊ डॉक्टरलाही चुकता येणार नाही असं निदान. अ‍ॅनाप्लास्टिक. थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात दुर्मीळ आणि सगळ्यात निर्दय. बहुतेक पेशंट काही महिन्यांच्या पलीकडे जात नाहीत. धाकटा मुलगा म्हणाला, "एवढी वर्षं छोटा गोळा होता, बाबा म्हणत दुखत नाही तर कशाला?" हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. वर्षानुवर्षं असलेला गोळा वाढला नाही तर कोणी दवाखान्यात येत नाही, आणि अचानक वाढला की उशीर झालेला असतो. पाच मिलिमीटरवाले गृहस्थ आणि हे आजोबा एकाच आठवड्यात माझ्या टेबलावर येऊन गेले. देशातली थायरॉइड तपासणीची सारी असमानता तेवढ्यात आली.

पॅपिलरी कॅन्सरच्या पेशंटला बरेच डॉक्टर सांगतात, "काळजी नको, हा चांगला कॅन्सर आहे." मला हे वाक्य आवडत नाही. बरा होण्याचं प्रमाण उत्तम आहे हे खरं, आणि ते सांगायलाच हवं. पण आयुष्यभर रोज उपाशीपोटी गोळी घ्यावी लागणार असते, काहींना परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला जाऊन आयोडीन घ्यावं लागतं. ते पिणारी बाई काही दिवस लेकराला जवळ घेऊ शकत नाही. त्या किरणोत्सारी आयोडीनचा अर्धा जोर उतरायलाच आठ दिवस लागतात. अशा कॅन्सरला 'चांगला' म्हणू नये. 'बरा होणारा' म्हणावं, तेवढं पुरे.

माझ्या कपाटात एक जाड रजिस्टर आहे. सुईच्या नंबरापुढे एक रकाना कोरा ठेवलेला: ऑपरेशननंतर काय निघालं. सरकारी कॉलेजात हा रकाना आपोआप भरतो, कारण गाठ त्याच इमारतीत येते. इथे पेशंट नागपूरला जातो, सेवाग्रामला जातो, कधी टाटाला जातो, आणि रिपोर्ट परत येत नाही. मग मी फोन करते. अनोळखी नंबरवरून "मी सुईवाली डॉक्टर" म्हटलं की समोरची बाई आधी घाबरते. काही नाही, फक्त रिपोर्टचा फोटो पाठवा म्हटलं की दहापैकी काही पाठवतात. रकाना जेवढा भरतो तेवढ्यावर माझा तिसरा गट कितपत तिसरा आहे हे मला कळतं. ज्याच्या रजिस्टरमध्ये हा रकानाच नाही, त्याने कितीही काचा बघितल्या असल्या तरी त्याच्या आत्मविश्वासावर माझा फारसा विश्वास नाही.

सध्या माझ्याकडे कॉलेजमधून एक मुलगी काही दिवस शिकायला येते. हात हलका आहे, काच सुरेख ओढते. काल ती एका काचेवर अडून बसली होती. पेशी थोड्या जास्त, काही कड्या, एका कोपऱ्यात कोलॉइड, दोनचार केंद्रकं जरा फुगलेली. "मॅडम, हे चार आहे. तीन म्हटलं तर सर्जन म्हणतील यांना काही ठरवता येत नाही." मी बघितलं. कड्या खऱ्या होत्या, पण कोलॉइडही खरं होतं, आणि काच निम्मी रक्ताने भरलेली. तीन लिही म्हटलं. खाली लिही की नमुन्यात रक्त जास्त आहे, सोनोग्राफीशी जुळवून सुई पुन्हा करावी. ती म्हणाली, बाई मेळघाटातून आल्यात, पुन्हा येतील का? मग दोघी सोनोग्राफीचा रिपोर्ट शोधायला उठलो. तो केसपेपरला लावलेलाच नव्हता. आमच्या खोलीवरच्या मदतनीस मामांनी रेडिओलॉजीला फोन लावला, तिकडून उत्तर आलं की मशीन दुरुस्तीला गेलंय, जुनी नोंद उद्या बघून सांगतो. बाईंना आम्ही गावातल्याच धर्मशाळेत रात्रभर थांबायला सांगितलं. आज सकाळी दुसरी सुई झाली. काचा अजून वाळायच्या आहेत.